रिमांड होममधून मुलगा घरी येतोय: आईवडिलांनी, शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी काय करायचं

अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या आईला विचारावं, "पोरगा घरी आला की पुढं काय ठरवलंय?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "आधी येऊ तर दे ताई, मग बघू." मी अशा घरांबरोबर बरीच वर्षं काम करते. त्या "मग बघू"मागचा थकवा मला कळतो. तारखा, वकील, बुडालेली रोजंदारी, नातेवाइकांचे टोमणे यांनी माणूस पार पिळून निघालेला असतो. पण मुलगा पुन्हा अडकतो तो बहुतेकदा या "मग बघू"च्या पोकळीत. दाखला नाही म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून दिवसभर नाका, आणि नाक्यावर जुनी मंडळी वाट बघत उभीच असतात.

कायदा या मुलाकडे कोरी पाटी म्हणून बघायला तयार आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात नवी सुरुवात हे तत्त्व म्हणूनच लिहिलेलं आहे. कलम 3 प्रमाणे काही विशेष परिस्थिती सोडल्या, तर मुलाची मागची सगळी नोंद पुसली गेली पाहिजे. वस्तीला, शाळेला आणि पोलीस चौकीला हे कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला, कागद हातात धरून त्याच्या बाजूला उभं राहायला एक मोठं माणूस लागतं. आई, मामा, चुलती, शाळेतल्या बाई, शेजारचे निवृत्त काका, कुणीही चालेल. हा लेख त्या एका माणसासाठी आहे.

शब्दांबद्दल आधीच सांगते. कायद्यात "बालगुन्हेगार" हा शब्द नाही, "विधिसंघर्षग्रस्त बालक" आहे. बोलायला जड आहे, मान्य. पण "आरोपी", "शिक्षा", "गुन्हेगार" हे शब्द अठराच्या आतल्या मुलासाठी वापरू नयेत, असं तत्त्व कायद्याने घालून दिलं आहे, आणि ते घरातही पाळावं. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अपघात झाला, अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर राज्यभर संताप उसळला, आणि बाल न्याय मंडळ हे नाव घरोघर पोचलं. त्या संतापाची झळ ज्या मुलांना बसते ती मात्र वेगळीच आहेत: मोबाइल चोरलेली, मारामारीत सापडलेली, मोठ्यांनी पुढे करून हातात कोयता दिलेली. त्यांच्यामागे वकिलांची फौज नसते. माझ्या डोळ्यांसमोर ही मुलं आहेत.

आधी समजून घ्या: मुलगा नक्की कसा सुटतोय?

घरी येण्याचे मार्ग तीन, आणि तिन्हींची पुढची वाट वेगळी. पुष्कळ मुलं निरीक्षणगृहातून, म्हणजे लोक ज्याला रिमांड होम म्हणतात तिथून, जामिनावर येतात, काही दिवसांत किंवा आठवड्यांत. यात प्रकरण संपलेलं नसतं. काही मुलांना चौकशीअंती समज देऊन, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगून, अथवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात देतात. आणि थोडी मुलं विशेष गृहातून येतात. चौकशीत दोष आढळल्यावर मंडळ मुलाला तिथे पाठवतं, आणि ठेवण्याची कमाल मुदत तीन वर्षं आहे.

जामिनावर आलेल्या मुलाच्या घरी सगळ्यात मोठा गैरसमज असतो, "सुटला" हा. तो जामिनावर आहे. तारीख चुकली, पत्ता बदलून कळवलं नाही, तर केलेलं सगळं फुकट जातं. म्हणून पहिल्याच दिवशी आदेशाची प्रत मागा आणि त्यातल्या अटी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. तारखेला शाळा किंवा परीक्षा बुडत असेल, तर हजेरीतून सूट मागता येते. कलम 91 प्रमाणे मुलाची हजेरी गरजेची नसेल तर मंडळ ती माफ करू शकतं. हजेरी लागणारच असेल, तर मुलाचा आणि सोबतच्या एका माणसाचा प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च मागण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. हे मागणारी घरं मला फार थोडी भेटली.

चौकशी किती काळ चालावी यालाही मर्यादा आहे. मूल मंडळासमोर पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिने, फार तर आणखी दोन. गुन्हा किरकोळ असेल, म्हणजे कायद्यात त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल, आणि वाढीव मुदतीतही चौकशी पूर्ण झाली नसेल, तर कलम 14 नुसार ती संपुष्टात येते. दोन दोन वर्षं तारखांना जाणाऱ्या आईवडिलांनी वकिलाला हा प्रश्न नावानिशी विचारावा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला मोफत वकील मिळतो. मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही. त्यांचा दूरध्वनी 15100.

सुटण्याआधीचे दोन महिने

विशेष गृहातून येणाऱ्या मुलाची तयारी आत असतानाच व्हायला हवी, आणि ती करून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. संस्थेतल्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करायचा असतो. 2016 च्या आदर्श नियमांत तो नमुना 7 म्हणून दिला आहे. त्याचे चार भाग आहेत. पहिल्यात मुलाची माहिती आणि गरजा येतात. दुसरा प्रगतीचा अहवाल, पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला एकदा लिहायचा. तिसरा सुटकेपूर्वीचा आणि चौथा सुटकेनंतरचा अहवाल. तिसरा आणि चौथा भाग आपल्या कामाचे. तिसऱ्यात मुलगा कुठे राहणार, काय शिकणार, कोणाच्या देखरेखीखाली असणार हे लिहिलं जातं. चौथ्यात त्याच्या बचत खात्याचं काय, ओळखपत्रं मिळाली का, शाळेत किंवा कामाला लागला का, घरच्यांची आणि शेजाऱ्यांची वागणूक कशी आहे, हे नोंदवायचं असतं.

परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाच्या घरची चौकशी आणि त्याच्यावर देखरेख करणारा प्रोबेशन ऑफिसर, सगळे त्यांना "पीओ" म्हणतात) भेटून सरळ विचारा, "सर, सुटकेपूर्वीच्या अहवालात काय लिहिताय?" एकेका अधिकाऱ्याकडे प्रकरणांचा ढीग असतो. तुम्ही विचारलं नाही, तर अहवाल चार ओळींत आटोपण्याची भीती असते. तुम्ही पत्ता, शाळेचं नाव, मुलाला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव लिहून नेलंत, तर त्यांचंही काम हलकं होतं आणि अहवालात तुमच्या घराची खरी गोष्ट येते. गृहचौकशीला अधिकारी येतील तेव्हा घर आवरून ठेवण्यापेक्षा खरं सांगा. वडील पितात, तर पितात म्हणा. ते झाकलं, तर मुलगा त्याच खोलीत परत येतो आणि दोष त्याच्यावरच येतो.

दुसरं, कलम 98 मधली रजा. परीक्षा, नात्यातलं लग्न, जवळच्या कुणाचा मृत्यू, आईवडिलांचं गंभीर आजारपण अशा कारणांसाठी मुलाला एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत घरी पाठवता येतं. प्रवासाचे दिवस वेगळे. सुटकेआधी एकदा अशी रजा मिळाली, तर ती परतण्याची रंगीत तालीम असते. मुलगा कुठे बिचकतो, कोण त्याला बघून दार लावून घेतं, रात्री झोपतो का, हे त्या सात दिवसांत दिसतं. परत गेल्यावर पीओंना ते सांगता येतं, आणि आराखडा बदलता येतो.

त्याच वस्तीत परतायचं का?

यावर घरात मोकळेपणी बोला, आणि मुलालाही बोलू द्या. मारामारीचं प्रकरण असेल, समोरचं घर चार दारं पलीकडे असेल, तर काही महिने मावशीकडे किंवा गावी राहणं शहाणपणाचं. पण गावाला "पाठवून दिला" ही भावना त्याच्या मनात बसता कामा नये. मी बघितलंय, मुलाला काही न विचारता आजोळी धाडलं, की तो महिन्याभरात एसटीत बसून परत नाक्यावर हजर होतो. जिथे जायचं तिथे काय करायचं हे ठरलेलं हवं: अमुक शाळा, तमुक वर्कशॉप. जामीन असेल तर पत्ता बदलण्याआधी मंडळाला कळवणं आलंच.

ज्याच्याबाबतीत गुन्हा घडला त्या घरी माफी मागायला स्वतःहून जाऊ नका. भावना चांगली असते, पण प्रकरण चालू असताना ते साक्षीदारावर दबाव म्हणून वाचलं जाऊ शकतं. मुलाला खरंच पश्चात्ताप असेल, तर वकील आणि पीओ यांना सांगून त्यांच्यामार्फतच काय ते करा.

कागदांची फाइल

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण पुढची सगळी दारं कागदाने उघडतात किंवा कागदानेच बंद होतात. एक प्लास्टिकची फाइल घ्या. आत ठेवायचं ते असं: जन्माचा दाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, रेशनकार्डाची प्रत, बँकेचं पासबुक, मंडळाच्या सगळ्या आदेशांच्या प्रती, आत असताना केलेल्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, आणि दवाखान्याचे कागद. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, आणि फोनमध्ये फोटो.

आधारवर बायोमेट्रिक अद्ययावत नसेल तर आधी ते करून घ्या. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते करायचं असतं, आणि आत असताना पंधरावं उलटलेल्या मुलांचं हमखास राहून जातं. मग शिष्यवृत्ती अडते, प्रवेशाचा अर्ज अडतो, बँक खातं अडतं.

संस्थेत शिकून मिळालेलं प्रमाणपत्र असेल, तर त्यावर निरीक्षणगृहाचं किंवा विशेष गृहाचं नाव छापलेलं नाही ना, हे घेतानाच बघा. असेल तर तिथेच लेखी विनंती करा, की प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या नावाने प्रमाणपत्र मिळावं. नंतर ते बदलून मिळवणं महाकठीण. संस्थेत असताना काही कमाई झाली असेल, तर ती मुलाच्या खात्यात आली का तेही विचारा. आराखड्याच्या चौथ्या भागात ही नोंद करावी लागते, त्यामुळे विचारण्यात संकोच नको.

मंडळाचे आदेश मात्र वेगळ्या पाकिटात ठेवा. ते सगळीकडे दाखवायचे नाहीत. कधी दाखवायचे, ते पुढे येतंच.

पहिले पंधरा दिवस

काही मोठं करू नका. झोप, जेवण, अंघोळ, घरातलं एखादं रोजचं काम. आत घंटेवर उठण्याची, रांगेत उभं राहण्याची सवय लागलेली असते, आणि घरी आल्यावर मोकळा वेळ त्याला अंगावर येतो. म्हणून दिवसाला एक ठरलेली गोष्ट हवी: सकाळी पाणी भरणं, बहिणीला शाळेत सोडणं, संध्याकाळी आजीला देवळात नेणं.

"आत काय झालं" हे खोदून विचारू नका. आत मार बसला असेल, मोठ्या मुलांनी छळलं असेल, तर तो एखाद्या दिवशी ताटावर बसल्या बसल्या सांगेल. तेव्हा ऐका, मध्ये बोलू नका. छळाची गोष्ट गंभीर असेल, तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवता येतं किंवा मंडळासमोर मांडता येते.

धाकट्या भावंडांना काय सांगायचं ते आधी ठरवा. त्यांना कळलेलं असतंच. खोटं सांगितलं, तर ती शाळेत दुसऱ्याकडून भलतंच ऐकतात. "दादाकडून चूक झाली, तो शिकायला गेला होता, आता घरी आलाय, आणि हे आपण घराबाहेर बोलायचं नाही," एवढं पुरतं. आणि घरातल्या मोठ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळायचं. भांडण झालं, पैसे हरवले, उशीर झाला, तरी "पुन्हा आत जायचंय का?" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. मुलांना सगळ्यात जास्त काय लागलं हे विचारलं, तर पोलिसांच्या मारापेक्षा हे वाक्य अधिक वेळा सांगितल्याचं मला आठवतं.

शाळा

मुलगा चौदाच्या आत असेल तर प्रश्न सोपा असायला हवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. चौदा उलटले आणि आठवी व्हायची असेल, तरी आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करण्याचा हक्क कायम राहतो. मुख्याध्यापक तोंडी "जागा नाही" म्हणाले, तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. लेखी नकार द्यायला कुणी सहसा धजत नाही. तरीही अडलं, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे.

शाळेला किती सांगायचं? माझं मत स्पष्ट आहे: एकाच व्यक्तीला, गरजेपुरतं. मुलाची ओळख उघड होऊ नये असं कलम 74 सांगतं, आणि ते मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम वर्तमानपत्रांपुरतं नाही. शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचं नाव आणि फोटो फिरवणाराही त्यात येतो. मात्र वर्गशिक्षकांना काहीच माहीत नसेल, तर तारखेला होणारी गैरहजेरी, वर्गात अचानक उडणारा भडका त्यांना कळत नाही. ज्या शिक्षकावर मुलाचा विश्वास आहे, त्यांना बाजूला घेऊन सांगा आणि स्पष्ट म्हणा, "हे तुमच्यापाशीच राहू द्या." शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात काही चोरीला गेलं, तर पहिलं दप्तर त्याचं तपासू नका. तपासायचंच तर सगळ्यांचं तपासा, आणि त्याचं मधेच कुठेतरी.

मुलगा पंधरा-सोळाचा आहे, सातवीत शाळा सुटलेली, आता छोट्या मुलांबरोबर बाकावर बसायला लाजतो, हे चित्र सर्रास दिसतं. त्याला जबरदस्तीने बसवू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाच्या चौदाव्या वर्षापासून दहावीला बसता येतं. विषय निवडता येतात आणि सगळे विषय एकदम सोडवावे लागत नाहीत. दुसरी वाट राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे खासगीरीत्या दहावीला बसणं. त्याच्या तारखा दरवर्षी लवकर उलटतात, म्हणून जूनपासूनच जवळच्या माध्यमिक शाळेत चौकशी ठेवा.

पैशांचं म्हणाल, तर मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व म्हणून महिन्याला 4000 रुपये मिळू शकतात. घरचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपयांच्या आत असावं लागतं. संस्थेतून कुटुंबात परतलेल्या मुलाचं शिक्षण चालू राहावं, हा या मदतीचा एक हेतूच आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. तो बहुधा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून सुटकेआधीच अर्ज टाका.

काम

घरात पैशाची चणचण असते, म्हणून "आता कामाला लाव" असं सगळेच सांगतात. कायदा लक्षात ठेवा: चौदाच्या आत कोणतंही काम नाही, आणि चौदा ते अठरा या वयात धोकादायक कामं नाहीत. हातात कसब असलेलं काम निवडा, नुसती ओझी उचलण्याचं नको. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन यांसारख्या काही अभ्यासक्रमांना आठवी पास पुरते. प्रवेश ऑनलाइन होतात, साधारण दहावीच्या निकालानंतर. आत असताना शिवण, सुतारकाम, मोबाइल दुरुस्ती असं काही शिकला असेल, तर तेच पुढे न्या. एक धागा तुटून दुसरा जोडण्यात वर्ष जातं.

पहिला मालक ओळखीचा असावा. गॅरेजवाल्याला, वर्कशॉपवाल्याला मुलाची हकिगत सांगायची की नाही, हा निर्णय मुलाचा. मी त्याला विचारते, "तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी सांगितलं तर तुला चालेल का?" बहुतेक मुलं नको म्हणतात, आणि मग स्वतःच ठरवतात. पगार मुलाच्या खात्यात यावा. पहिल्या पगारातून घरखर्चाला द्यावेत, पण थोडे पैसे त्याच्या हाताशी राहू द्या. हातात स्वतःचे पाचशे रुपये असले, की मित्राने दिलेल्या "सोप्या कामा"ला नाही म्हणणं थोडं हलकं होतं.

चौकी, बीट हवालदार आणि दाराशी येणारी गाडी

परिसरात चोरी झाली, गणपती-दहीहंडी जवळ आली, निवडणूक लागली, की जुन्या नावांची यादी निघते. मुलगा घरी अभ्यास करत बसलेला असतो आणि दाराशी गाडी उभी राहते. पूर्ण गल्ली बघत असते. या एका प्रसंगाने सहा महिन्यांची मेहनत वाहून जाते.

तेव्हा घाबरून मुलाला मागच्या दाराने पळवू नका. नम्रपणे विचारा, "साहेब, बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?" कलम 107 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा असा अधिकारी नेमायचा असतो, आणि मुलांच्या बाबतीत काम त्यांनी करायचं असतं. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. ताब्यात घेतलं, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळासमोर हजर करावं लागतं. तुम्ही सोबत जा. मुलाला एकट्याला पाठवू नका. आणि सुटकेनंतरच्या पहिल्याच महिन्यात, काहीही घडलेलं नसताना, त्या अधिकाऱ्यांना भेटून ओळख करून घ्या: मुलगा अमुक शाळेत जातो, हा माझा फोन. आपणहून गेलेल्या माणसाशी ठाण्यात वेगळ्या सुरात बोललं जातं, हा माझा अनुभव.

पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलांचं दुखणं आणखी जुनं आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, आपण विमुक्त दिन पाळतो, पण गावात चोरी झाली की बोट पालाकडेच वळतं. या मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून हजेरीचा पुरावा जपावा. शाळेचं हजेरीपत्रक, वसतिगृहाची नोंद, मालकाची वही. अमुक रात्री मुलगा कुठे होता, याचं उत्तर कागदावर असलेलं बरं.

मोठ्यांची टोळी मुलाला परत ओढत असेल, धमकावत असेल, तर कायदा त्या मोठ्यांविरुद्ध आहे. मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्याला कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलाला अमली पदार्थ पोचवायला लावलं, तर कलम 78 आहे. तक्रार करायला भीती वाटते, साहजिक आहे. आधी पीओंशी किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी बोला, मग ठरवा.

जुने मित्र आणि फोन

"त्यांच्याशी बोलायचं नाही" असं सांगून भागत नाही. तेच त्याचे मित्र आहेत, आणि आत असताना त्यांच्यातल्याच कुणीतरी आईला गॅसचे पैसे दिलेले असतात. नवे मित्र मिळेपर्यंत जुने सुटत नाहीत. म्हणून जागा बदला: दुसऱ्या गल्लीतली तालीम, कबड्डीचा संघ, ढोलताशा पथक, अभ्यासिका. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ सांभाळली, तर अर्धं काम होतं. फोनवर जुन्या प्रकरणाचे रील्स, हत्यारासोबतचे फोटो असतील, तर आधी वकिलाला विचारा आणि त्यांच्या सल्ल्यानेच काय ते करा. नवीन मात्र एकही टाकू नये, हे त्याला नीट समजावून सांगा. रागवून नाही.

मन आणि व्यसन

रात्री दचकून उठणं, एकदम चिडणं, तासन्‌तास भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, हे नाटक नसतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. फोनवर मराठीत बोलायला टेलीमानसचा 14416 आहे, व्यसनासाठी 14446. व्हाइटनर, सोल्यूशन, गांजा, गोळ्या यांची सवय असेल, तर आत असताना ती सुटल्यासारखी वाटते आणि घरी पहिल्या आठवड्यात परत डोकं वर काढते. सुटकेच्या दिवशीच उपचाराची पहिली तारीख घेऊन ठेवा. पुन्हा एकदा घसरला, तर त्याला घराबाहेर काढू नका. बाहेर काढलेला मुलगा सरळ विकणाऱ्याच्याच दारात जातो.

मुलींबद्दल थोडं. संख्येने त्या कमी, म्हणून त्यांच्यासाठी सोयीही कमी. मुलगी घरी आली की घरचे तिचं लग्न उरकायला बघतात. अठराच्या आत ते बेकायदा तर आहेच, पण मुलीसाठी ती दुसरी कोंडी असते. असं काही शिजत असेल, तर शेजाऱ्यांनी 1098 वर कळवावं.

"तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?"

नोकरीच्या, पोलीस भरतीच्या, पासपोर्टच्या अर्जावर हा रकाना येतो आणि विशीतल्या मुलाचा हात थांबतो. इथे कायदा नीट समजून घ्या.

कलम 24 सांगतं, की या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं, त्या मुलाला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. अपवाद एक: सोळा पूर्ण झालेला मुलगा, ज्याला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून चालवलेल्या खटल्यात दोषी धरलं. दुसरं, कलम 74 च्या दुसऱ्या पोटकलमाप्रमाणे प्रकरण चालू असो, बंद झालेलं असो किंवा निकाली निघालेलं असो, चारित्र्य दाखल्यासाठी किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही. चारित्र्य पडताळणीत जुनं प्रकरण लिहून आलं, तर हे कलम दाखवून लेखी हरकत घ्या. मंडळाच्या आदेशाचं ते वेगळं पाकीट उघडायची वेळ ही. 2019 मध्ये केंद्रीय सशस्त्र दलात निवड झालेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अल्पवयात झालेल्या आरोपावरून त्याची नोकरी नाकारता येणार नाही.

तरीही अर्जातला रकाना स्वतःच्या मनाने भरू नका. "दोषी ठरवलं होतं का" आणि "कधी गुन्हा नोंदला गेला का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माहिती दडवली या मुद्द्यावर नेमणुका अडकल्याची प्रकरणं न्यायालयांत गेली आहेत. अर्जाची प्रत आणि मंडळाचा आदेश घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथल्या वकिलांकडून उत्तर लिहून घ्या आणि मगच भरा. एक दिवस जाईल. जाऊ द्या.

अठरा ते एकवीस

संस्थेत असतानाच अठरा पूर्ण झालेल्या आणि घर नसलेल्या किंवा घरी परतता न येणाऱ्या तरुणाला अनुरक्षण सेवा मिळू शकते: राहायला अनुरक्षण गृह, प्रशिक्षण, किंवा मिशन वात्सल्यमधून महिन्याला 4000 रुपयांपर्यंत मदत. साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत. ही मागणी अठरावा वाढदिवस उलटण्याआधी आराखड्यात लिहून घ्यावी लागते. सतराव्या वर्षी घरी पाठवलेला मुलगा वर्षभराने घराबाहेर पडला, तर त्याला या दारातून परत आत घेणं फार जड जातं. म्हणून घर टिकेल याची खात्री नसेल, तर घाईने "घरी सोडा" म्हणू नका. मला माहीत आहे, कुठल्याही आईला हे ऐकवत नाही.

शेवटची तारीख

फाइलच्या पहिल्या पानावर एक तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. 2016 च्या आदर्श नियमांतल्या नियम 14 प्रमाणे मुलाच्या प्रकरणाची कागदपत्रं अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंतच जपून ठेवायची, त्यापुढे नाही, आणि मग नष्ट करायची. वर सांगितलेला प्रौढ म्हणून चाललेल्या खटल्याचा अपवाद इथेही आहे. नष्ट करण्याचा आदेश मंडळाने पोलिसांना द्यायचा असतो. ते आपोआप झालं असेल असं धरून चालू नका. अंतिम आदेशाची तारीख घ्या, त्यात सात वर्षं मिळवा, आणि त्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात साधा अर्ज द्या: "सदर प्रकरणातील अभिलेख नष्ट करण्यात आले किंवा कसे, याची लेखी माहिती मिळावी." अर्जाची पोच घ्या. तोवर मुलगा बावीस-चोवीसचा झालेला असेल. अर्ज त्यालाच लिहू द्या, तुम्ही फक्त सोबत जा.